गडग्यांचा मुलूख : दोउरोच्या द्राक्षभूमीची प्रस्तावना

पोर्तुगालच्या उत्तरेला, दोउरो नदीच्या दोन्ही तीरांवरच्या डोंगरांत ग्रॅनाइटचे जुने खांब उभे आहेत. काही रस्त्याच्या कडेला, काही द्राक्षमळ्यांच्या बांधांवर, काही तर घरांच्या भिंतींतच चिणलेले. त्यांच्यावर ‘फैतोरिया’ एवढी अक्षरे आणि एक साल कोरलेले असते : १७५८ किंवा १७६१. असे एकंदर ३३५ खांब रोवले गेले. खांबांच्या आतल्या मळ्यांची वाईन इंग्लंडला पाठवण्याच्या दर्जाची, बाहेरची नाही, एवढाच त्यांचा अर्थ होता.

वाईनसाठी जमिनीवर आखलेली ही पहिली सीमा नव्हे. टस्कनीत १७१६ मध्ये आणि हंगेरीतल्या तोकाय भागात १७३७ मध्ये अशा सीमा जाहीर झालेल्या होत्या. पण सीमा आखायची, तिच्या आतल्या मळ्यांची प्रतवारी करायची, भाव बांधून द्यायचे, भेसळीवर पहारा ठेवायचा आणि या सगळ्यासाठी एक संस्था उभी करायची, हा सबंध खटाटोप पहिल्यांदा झाला तो दोउरोत. तो सुरू करणारा राजहुकूम १० सप्टेंबर १७५६ चा आहे. पुढे २००१ च्या डिसेंबरात युनेस्कोने याच खोऱ्यातला २४,६०० हेक्टरांचा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. या दोन तारखांमध्ये आणि त्यांच्यानंतर या डोंगरांचे काय झाले, ते सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

वाईनच्या चवीविषयी या पुस्तकात फार थोडे सापडेल. डोंगर, दगड, पाऊस, व्यापारी करार, कीड, मजुरी आणि भाव यांच्याविषयी पुष्कळ आहे. वाईनची चव सांगणारी पुस्तके जगात भरपूर आहेत. ती वाईन ज्या उतारावर पिकते तो उतार कुणी घडवला आणि आज तो कुणाच्या जिवावर उभा आहे, हे सांगणारी फार थोडी. एखाद्या प्रदेशाचे नाव कायद्याने राखता येते. तो प्रदेश जसा दिसतो तसा राखायचा, तर तिथे कुदळ चालवणाऱ्याला त्या जमिनीवर पोट भरता आले पाहिजे. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी भूगोल. दोउरो स्पेनमध्ये उगम पावते. तिथे तिला दुएरो म्हणतात. सुमारे नऊशे किलोमीटर वाहून ती पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळते. समुद्रावरून येणारे ढग मारांव नावाच्या डोंगररांगेवर अडतात. तिचे सर्वांत उंच शिखर १,४१५ मीटरांचे आहे. रांगेच्या पश्चिमेला हिरवागार, ओलाचिंब मुलूख आणि पूर्वेला कोरडे, तापट खोरे. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस वाईच्या पुढे कसा विरळ होत जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच उमजेल. द्राक्षांचा प्रदेश या पर्जन्यछायेत पसरलेला आहे. त्याच्या पश्चिम टोकाला वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि स्पेनच्या सरहद्दीकडे जाता जाता तो निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, हिवाळ्यात हाडे गोठतात. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे तिथले लोक आपल्या हवामानाविषयी म्हणतात.

खडक मुख्यतः शिस्ट. हा पापुद्र्यापापुद्र्यांनी फुटणारा खडक आहे आणि इथे त्याचे थर पुष्कळ ठिकाणी जवळजवळ उभे आहेत. पावसाचे पाणी त्या फटींतून खोल उतरते आणि वेलीची मुळेही त्याच वाटेने पाण्याचा माग काढत कित्येक मीटर खाली जातात. वर पसरलेला फुटका दगड दिवसा तापतो आणि ती ऊब रात्री घडांना देतो. द्राक्षाला हे सगळे मानवते. माणसाला मात्र शेतीसाठी माती लागते, आणि ती या उतारांवर नव्हतीच. ती करावी लागली. पहार, घण आणि सुरुंगाची दारू वापरून खडक फोडला. त्यातले मोठे दगड वेचून काढून त्यांचे बांध रचले आणि बारीक चुरा बांधामागे भरला. त्या चुऱ्यात वेली लावल्या. शेकडो मीटर उंचीच्या डोंगरांवर, एकावर एक, नदीपासून माथ्यापर्यंत, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. दोउरोत जमीन वारशाने मिळते, पण कुणीतरी ती आधी तयार केलेली असते, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हे बांध म्हणजे आपल्याकडच्या कोकणातले गडगे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पाया खडकापर्यंत न्यायचा. भिंत किंचित आत, डोंगराकडे झुकती ठेवायची, म्हणजे मागच्या मातीचा रेटा तिला बाहेर ढकलू शकत नाही. मोठे दगड दर्शनी बाजूला आणि त्यांच्या मागे लहान दगडांची भर, म्हणजे पावसाचे पाणी साचून न राहता फटींतून झिरपून जाते. सिमेंटची भिंत इथे टिकणे अवघड, कारण तिच्यामागे पाणी तुंबते आणि एखाद्या जोरदार पावसात ती सबंध खाली येते. गडगा ढासळला तर तेवढाच भाग ढासळतो आणि त्याच दगडांनी पुन्हा उभा राहतो. वरच्या टप्प्यावर जाण्यासाठी भिंतीतूनच बाहेर काढलेल्या लांब दगडांच्या पायऱ्या असतात. घडांनी भरलेली टोपली पाठीवर घेऊन माणसे त्यांवरून चढत-उतरत असत. हे दगडकाम करायला स्पेनच्या गालिसिया प्रांतातून मजुरांच्या टोळ्या येत. पोर्तुगीज वाईनच्या इतिहासात व्यापाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत आहेत. गालिसियाच्या या माणसांची नावे कुठेच नाहीत. त्यांनी रचलेले गडगे मात्र आहेत आणि त्यांच्यावर त्या वाईनचा सगळा डोलारा आहे.

जुन्या गडग्यांत मधूनमधून चौकोनी भोके दिसतात. त्यांना पिल्येइरुश म्हणतात. पूर्वी वेल या भोकांतून बाहेर काढत आणि ती भिंतीच्या अंगावर वाढवत, म्हणजे वरची अरुंद सपाटी धान्याला मोकळी राहत असे. ज्या डोंगरातून जगातली एक महाग वाईन जात होती, त्याच डोंगरात वीतभर सपाटी राय नावाच्या धान्यासाठी वाचवावी लागत होती. वारशाच्या या मुलखात राजवाड्यासारखी घरे आणि प्रशस्त तळघरे पुष्कळ आहेत. पण या खोऱ्याची खरी हकिगत मला त्या भोकांत दिसते.

खोऱ्यातली वाईन फार जुनी आहे. रेग्वा गावाजवळ रोमन काळातल्या वाईन करण्याच्या जागेचे अवशेष सापडले आहेत. बाराव्या शतकात सिस्टर्शियन पंथाचे भिक्षू इथे आले, साल्झेदाश आणि साव जुआंव द तारोका इथे त्यांनी मठ बांधले आणि मळे वाढवले. मोठा व्यापार सुरू झाला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंड आणि फ्रान्सच्या वैरातून. फ्रेंच वाईन मिळेना म्हणून इंग्रज व्यापारी पोर्तुगालकडे वळले. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. मागणी वाढली, मळे वाढले आणि त्यांच्यामागोमाग भेसळही वाढली. फिक्या वाईनला गडद रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस तिच्यात मिसळू लागले. अठराव्या शतकाच्या मध्याला नाव बदनाम झाले, भाव कोसळले आणि मळेवाले कर्जात बुडाले.

तेव्हा पोर्तुगालची सूत्रे सेबास्तियांव जोझे द कार्व्हाल्यु इ मेलु याच्या हाती होती. पुढे तो मार्क्विस द पोंबाल या किताबाने ओळखला गेला. गोव्याच्या इतिहासाच्या वाचकांना हे नाव परके नाही. जेझुइटांना पोर्तुगालमधून आणि गोव्यासह सगळ्या वसाहतींतून घालवणारा आणि १७७४ मध्ये गोव्यातले इन्क्विझिशन बंद करणारा (ते १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले) तो हाच मंत्री. १७५५ च्या भूकंपाने लिस्बन जमीनदोस्त झाले होते आणि राज्याला पैसा हवा होता. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्याने उत्तर कोकणातला पोर्तुगिजांचा समृद्ध प्रांत आधीच हातचा गेलेला होता. अशा वेळी निर्यातीतले सर्वांत मोठे उत्पन्न भेसळीने बुडू देणे पोंबालला परवडणारे नव्हते. त्याने ‘आल्तो दोउरो’ नावाची कंपनी स्थापली, सीमा आखली, भाव बांधले आणि सीमेच्या आतली एल्डरची झुडपे उपटून टाकायला लावली.

हे काम जोरजबरदस्तीने झाले, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध २३ फेब्रुवारी १७५७ रोजी पोर्तो शहरात गुत्तेवाल्यांनी आणि गोरगरिबांनी दंगा केला. तो सैन्य आणून मोडला गेला आणि कित्येकांना फाशी झाली. आज पर्यटकांना वारसा म्हणून दाखवली जाणारी सीमा त्या काळच्या माणसांना व्यापाराची आणि दंडुक्याची सीमा म्हणून ठाऊक होती. पोंबालच्या मनात भूदृश्य वगैरे काही नव्हते. त्याला महसूल हवा होता. तरीही त्याच्या एका निर्णयाचा परिणाम त्याच्या अपेक्षेपलीकडे गेला. वाईनचा दर्जा जमिनीच्या तुकड्याशी बांधला गेला. ज्या उतारावर गडगा रचणे सर्वांत कठीण, तिथल्या द्राक्षाला सर्वांत चांगला भाव मिळू लागला. तो भाव होता म्हणून पुढची दोनशे वर्षे कुणी ना कुणी त्या उतारावर गडगे रचत राहिले.

एकोणिसाव्या शतकातल्या दोन व्यक्तींचा परिचय या पुस्तकात विस्ताराने आहे. जोझेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी दोउरोचा पहिला बारकाईचा नकाशाकार. दोना अंतोनिया आदेलाइद फेरेरा (१८११–१८९६) या रेग्वाच्या बाईंनी वैधव्यानंतर मळ्यांचा एवढा विस्तार केला की लोक आजही त्यांना प्रेमाने ‘फेरेरिन्या’ म्हणतात. १२ मे १८६१ रोजी हे दोघे एकाच नावेत होते. काशांव द व्हालेइराच्या वेगवान प्रवाहात नाव उलटली. फॉरेस्टर बुडाला, बाई वाचल्या. त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवले, अशी आख्यायिका आहे. त्याच दशकात अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी सूक्ष्म कीड दोउरोत दिसू लागली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिने खोरेच्या खोरे वाळवले. मळेवाले देशोधडीला लागले, ब्राझीलला गेले. या पडझडीतही फेरेरा बाई जमिनी घेत राहिल्या. पूर्वेकडच्या ओसाड टापूत त्यांनी १८७७ मध्ये व्हाले मेआंव हा नवा मळा सुरू केला.

किडीवर उपाय सापडला तो अमेरिकन खुंटांचा. तिथल्या रानवेलीच्या मुळांना ही कीड मारू शकत नाही, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर स्थानिक वाणाचे कलम. नाशिक-सांगलीचे बागायतदारही डॉगरिजसारख्या खुंटावरच कलम करतात. त्यांचे कारण मात्र खारे पाणी आणि दुष्काळ हे आहे. दोउरोत कलमांसाठी नवे, रुंद टप्पे घालण्यात आले. ज्यांना तो खर्च झेपला नाही त्यांचे टप्पे तसेच पडून राहिले. झुडपांनी आणि ऑलिव्हच्या झाडांनी भरलेल्या त्या ओसाड गडग्यांना तिथे मोर्तोरिउश, म्हणजे मेलेल्या जागा, म्हणतात. डोंगरावर त्या दुरूनही ओळखू येतात. युनेस्कोच्या पट्ट्यात हे मोर्तोरिउशही वारशाचाच भाग आहेत, आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो. हरलेल्या पिढीच्या खुणा पुसून टाकल्या असत्या तर उरलेली हिरवळ खोटी ठरली असती.

नदीविषयी थोडक्यात. वाईनची पिंपे राबेलो नावाच्या सपाट तळाच्या, लांब वल्ह्याच्या नावांतून पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा द गायाला जात आणि तिथल्या गार वखारींत मुरत पडत. १८७९ मध्ये रेल्वे रेग्वाला, पुढच्या वर्षी पिन्यांवला आणि १८८७ मध्ये स्पेनच्या सरहद्दीवर बार्का द आल्व्हाला पोहोचली. १९७० च्या दशकापासून धरणे झाली आणि खळाळणारी दोउरो तळ्यांची माळ बनली. राबेलो आता गायाच्या धक्क्यावर शोभेसाठी बांधलेल्या दिसतात.

आता या खोऱ्यातली पोर्ट वाईन कशी होते ते सांगायला हवे, कारण इथल्या हिशेबाचे मूळ तिच्यात आहे. सप्टेंबरात घड तोडतात आणि ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत टाकतात. पूर्वी सगळीकडे आणि आज काही ठिकाणी माणसे रांगेने, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते तुडवतात. रस आंबू लागतो. साखर पुरती संपायच्या आत त्यात द्राक्षाचीच तीव्र मद्यार्काची ब्रँडी घालतात. आंबणे थांबते, गोडवा राहतो, मद्यार्क एकोणीस ते बावीस टक्क्यांवर जातो. जुन्या हिशेबात ४३५ लिटर रसाला ११५ लिटर ब्रँडी, मिळून ५५० लिटरांचे एक पीप. दरवर्षी अशी किती पिंपे पोर्ट करायची हे बाजार पाहून ठरवतात आणि तो वाटा मळ्यामळ्याला वाटून देतात. या वाट्याला तिथे बेनेफिसियु म्हणतात. वाट्यातल्या द्राक्षाला चांगला भाव, उरलेल्याला पुष्कळच कमी.

वाटणी कशी होते ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १९३२ मध्ये कासा दु दोउरो ही मळेवाल्यांची संस्था झाली. पुढच्या दशकात आल्व्हारु मोरेरा द फोन्सेका या अभियंत्याने प्रत्येक मळ्याला गुण द्यायची पद्धत बसवली. जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा, उताराचे प्रमाण, वाऱ्यापासून आडोसा, खडकाचा प्रकार, जमिनीतल्या दगडांचे प्रमाण, वाण, वेलींचे वय, लागवडीची दाटी, वेल वाढवायची पद्धत, उत्पादन. सगळ्यांचे वेगवेगळे गुण आणि शेवटी बेरीज. बाराशेच्या वर गुण मिळाले तर मळा ‘ए’ वर्गात, मग क्रमाने खाली. ‘एफ’च्या खालच्यांना पोर्टचा वाटाच नाही. खोऱ्यातल्या हजारो लहान लहान तुकड्यांचा असा एकेक करून हिशेब झाला. इथे बहुतेक मळेवाले एक-दोन हेक्टरांचे धनी आहेत, आणि तेही चार ठिकाणी विखुरलेल्या तुकड्यांत. अशा माणसाला आपल्या डोंगरातल्या तुकड्याचे मोल कागदावर लिहिलेले मिळाले. या पद्धतीत दोष आहेत, जुने गुण नव्या हवामानाशी जुळत नाहीत, हे सगळे खरे. तरीही दुर्गम, दगडी, कमी पिकणाऱ्या जमिनीला जास्त गुण देणारी शेतीची दुसरी पद्धत माझ्या पाहण्यात नाही. शेतीचा बहुतेक कारभार याच्या नेमका उलट चालतो.

१९७० नंतर खोऱ्यात यंत्रे आली. गडग्यांच्या टप्प्यांवर ट्रॅक्टर चालत नाही. म्हणून बुलडोझरने डोंगर कापून रुंद टप्पे काढले आणि त्यांच्या कडेला भिंतीऐवजी मातीचे उतार ठेवले. त्यांना पातामारिश म्हणतात. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जावर झालेल्या नव्या लागवडीने ते झपाट्याने पसरले. काही ठिकाणी टप्पे न करता रांगा सरळ उताराच्या दिशेने वर नेल्या. डोंगराकडे पाहिले की हे तिन्ही थर वेगवेगळे वाचता येतात. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, अशा वेळी ज्याने यंत्र आणले त्याला दोष देणे मला बरोबर वाटत नाही. पण मातीच्या कडांची धूप होते, सपाटीचा पुष्कळ भाग वाया जातो आणि एकदा मोडलेला गडगा परत येत नाही. २००१ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला ‘विकसित होत राहिलेले, जिवंत’ सांस्कृतिक भूदृश्य म्हणून स्वीकारले, तेव्हा हा सगळा वाद त्या शब्दांच्या पोटात होताच. किल्ला जसाच्या तसा ठेवता येतो. शेत तसे ठेवता येत नाही, त्यात पीक घ्यावे लागते. अडीच लाख हेक्टरांच्या एकूण सीमाबद्ध प्रदेशातून जेमतेम दहावा हिस्सा यादीत घेतला गेला आणि उरलेला त्याचे कवच मानला गेला.

वारशाच्या शिक्क्याची मर्यादा पुढे दिसली. दोउरोची उपनदी तुआ हिच्या मुखापाशी वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचे ठरले. युनेस्कोकडून आक्षेप आले, स्थानिकांनी विरोध केला. शेवटी वास्तुरचनाकार एदुआर्दो सोतो द मोरा यांनी वीजगृहाचा बहुतेक भाग जमिनीखाली दडवणारा आराखडा केला, धरण पूर्ण झाले आणि तुआच्या काठाने जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाचा मोठा तुकडा पाण्याखाली गेला. याच प्रदेशात काही वर्षांपूर्वी उलटेही घडले होते. कोआ नदीच्या काठच्या खडकांवर अश्मयुगीन माणसाने कोरलेले घोडे आणि रानबैल नव्वदच्या दशकात उजेडात आले. तिथले अर्धवट झालेले धरण लोकांच्या रेट्यामुळे थांबवले गेले आणि १९९८ मध्ये ती चित्रे जागतिक वारसा ठरली. एक धरण थांबले, एक थांबले नाही. दोन्हींची प्रकरणे एकापाठोपाठ ठेवली आहेत ती वाचकाने त्यांची तुलना करावी म्हणून.

तरी या भूदृश्याचा आजचा मोठा धोका धरण नाही. तो भाव आहे. जगात पोर्टचा खप घटतो आहे. २०२२ मध्ये खोऱ्याला १,१६,००० पिंपांचा वाटा मिळाला होता. २०२३ मध्ये १,०४,०००, २०२४ मध्ये ९०,००० आणि २०२५ मध्ये ७५,०००. तीन वर्षांत एक तृतीयांशाहून मोठी घट. पोर्टबरोबर इथे ब्रँडी न घालता केलेली ‘दोउरो’ वाईनही आता चांगली होते आणि तिचे नाव झाले आहे. पण तिच्यासाठी घेतल्या जाणाऱ्या द्राक्षाला मिळणारा भाव पुष्कळ वेळा तोडणीचा खर्चही भरून काढत नाही, अशी मळेवाल्यांची तक्रार आहे आणि तिच्यासाठी ते रस्त्यावरही उतरले आहेत. तरुण पोर्तोला, लिस्बनला, फ्रान्सला जातात. तोडणीला बाहेरून मजूर आणावे लागतात. उन्हाळे अधिक कडक होत आहेत, घड वेलीवरच करपतात. त्याच वेळी नदीवर पर्यटकांच्या मोठ्या बोटी दर हंगामात येतात आणि प्रवासी डेकवरून त्याच गडग्यांचे फोटो काढतात. त्या फोटोंतून गडगे दुरुस्त करायला पैसे येत नाहीत. गडगा दुरुस्त होतो तो द्राक्षाच्या भावातून, आणि भाव नसेल तर सरकारी अनुदानातून. दोन्ही आटले तर पुढच्या पिढीला नवे मोर्तोरिउश मोजावे लागतील.

मराठी वाचकाने या दूरच्या खोऱ्यात का शिरावे, याचे एक थेट कारण आहे. भारताच्या भौगोलिक मानांकनांच्या नोंदवहीत ‘पोर्तो’ आणि ‘दोउरो’ ही दोन्ही नावे नोंदलेली आहेत. त्याच नोंदवहीत नाशिक व्हॅली वाईन आहे, नाशिकची द्राक्षे आहेत, सांगलीचे बेदाणे आहेत, गोव्याची काजू फेणी आहे. गोव्याच्या दुकानांत ‘पोर्ट वाईन’ म्हणून जी गोड लाल वाईन अनेक वर्षे विकली जात आली आहे, तिच्यात दोउरोचे एकही द्राक्ष नाही. नावावर हक्क कुणाचा, हा प्रश्न म्हणून आपल्याही दाराशी आलेला आहे. ज्या २००१ साली दोउरो वारशाच्या यादीत गेले, त्याच वर्षी महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. दिंडोरी-निफाडकडचे मळे त्यानंतर वाईनसाठीही ओळखले जाऊ लागले. त्यांना नावाचे संरक्षण मिळाले. जमिनीच्या तुकड्याला गुण देणारी, छाटणी-तोडणी करणाऱ्याच्या हातात भाव पोहोचवणारी व्यवस्था त्या नावामागे अजून उभी राहिलेली नाही. ती उभी राहावी असे मला मनापासून वाटते, आणि मांडवाखालची जमीन भूखंड पडून विकली जाण्याआधी उभी राहावी.

वाईनशी काहीही संबंध नसलेल्या वाचकासाठीही या पुस्तकात जागा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर भाताच्या, नाचणीच्या मजग्या आहेत, कोकणात मैलोगणती गडगे आहेत. त्यांना कुठली यादी नाही, मानांकन नाही. ते रचणारे हात म्हातारे होत चालले आहेत. दोउरोत गडग्याला जे मोल मिळाले ते वाईनमुळे मिळाले. आपल्या मजग्यांना ते कशामुळे मिळेल, हे शोधणे आपले काम आहे.

पुस्तक वाचताना नकाशा उघडा ठेवावा. पहिली तीन प्रकरणे खडक आणि पाणी यांची आहेत. घाई असेल त्यांनी गडग्यांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. आणि कुणी तिकडे प्रत्यक्ष गेलेच, तर पोर्तोच्या साव बेन्तु स्थानकावरून पोसिन्युची वाट धरणारी रेल्वे पकडावी. पिन्यांवच्या स्थानकात उतरून भिंतींवरच्या निळ्या टाइल्समधली तोडणीची चित्रे पाहावीत आणि तिथून डोंगरावर प्रोव्हेझेन्द किंवा फाव्हाइउशसारख्या गावात मुक्काम करावा. वाईन तिथल्याच मळेवाल्याकडून घ्यावी आणि तिचे पैसे त्याच्याच हातात द्यावेत.